डिस्पोजेबल व्हेप बंद झाले. आता कोणतं मशीन घ्यायचं, भारतात न्यायचं का, की सिगारेटच बरी?

प्रश्न विचारणारे गृहस्थ सत्तावीस वर्षांचे आहेत आणि लेस्टरला नोकरी करतात. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना सिगारेट लागली, दिवसाला दहा-बारा. इंग्लंडला आल्यावर ते डिस्पोजेबल व्हेपवर, म्हणजे एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटवर आले आणि गेली दोन वर्षं सिगारेटला हात लावलेला नाही. रोज ६०० पफवाला एक व्हेप संपतो. बंदी येणार म्हणून भरून ठेवलेला साठा आता संपत आलाय आणि पुढच्या महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी तीन आठवडे कोल्हापूरला जायचंय. त्यांनी विचारलंय की आता कोणतं मशीन घ्यावं, ते भारतात नेलं तर चालेल का, आणि सरकारनंच व्हेप धोकादायक ठरवले असतील तर त्यापेक्षा सिगारेट काय वाईट?

मी इंग्लंडमध्ये एका फार्मसीतून धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांना मदत करणाऱ्या सेवेत बरीच वर्षं काम करते. तिसरा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण खरा धोका त्यातच आहे, म्हणून तो आधी घेते.

१ जून २०२५ पासून सबंध ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायचे व्हेप विकायला बंदी आली, पण ती आरोग्याच्या कायद्याखाली आलेली नाही. ते पर्यावरणाचे नियम आहेत. बंदीआधी, २०२३ मधल्या अंदाजानुसार, देशात दर आठवड्याला जवळपास ५० लाख असे व्हेप फेकले जात होते. प्रत्येकात एक लिथियमची बॅटरी. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली गेली की पेट घेते. शिवाय रंगीबेरंगी, स्वस्त आणि खिशात मावणारी ही वस्तू शाळकरी मुलांच्या हातात सहज जात होती, तीही चिंता होतीच. पण निकोटिनचं लिक्विड सिगारेटपेक्षा वाईट ठरलं म्हणून ही बंदी आली, असं अजिबात नाही. बंदी विक्रीवर आहे. तुमच्या कपाटातला साठा वापरणं गुन्हा नाही, दुकानदारानं तो विकणं गुन्हा आहे.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे, जूननंतर आमच्याकडे येणाऱ्यांमध्ये काही जण पुन्हा सिगारेटवर गेलेले दिसतात आणि त्यांचं समर्थन शब्दशः तुमच्यासारखंच असतं, की सरकारनंच वाईट म्हटलंय, मग काय फरक पडतो? फरक पडतो, आणि खूप मोठा पडतो. व्यसन निकोटिनचं लागतं, पण कॅन्सर आणि फुप्फुसांचे जुनाट आजार यांचं मुख्य कारण जळलेल्या तंबाखूचा धूर आहे, त्यातला टार आणि हृदयावर ताण आणणारा कार्बन मोनॉक्साइड. व्हेपमध्ये काही जळत नाही, लिक्विड तापून त्याची वाफ होते. ही वाफ म्हणजे शुद्ध हवा नव्हे, आणि तीस-चाळीस वर्षं ती ओढलेली माणसं अजून अभ्यासायलाच मिळालेली नाहीत. ज्यानं कधी सिगारेट ओढली नाही त्यानं व्हेपच्या वाटेला जाऊच नये, हे मी प्रत्येक आईबापाला सांगते. तुमचं तसं नाही. तुम्ही दहा-बारा सिगारेटी सोडून इथवर आलात. तेव्हा पुढचं सगळं ठरवताना, मशीन बदलो, प्रवास असो, लग्नघर असो, परत सिगारेटवर जायचं नाही, एवढी एक गोष्ट पक्की धरा. बाकीचं जुळवून घेता येतं.

आता मशीन. बंदीनंतर दुकानांत त्याच कंपन्यांचे, त्याच रंगांचे, त्याच चवींचे व्हेप आले, फक्त खाली चार्जिंगचं भोक आणि वर बदलता येणारा पॉड, म्हणजे लिक्विडची छोटी डबी. कायद्याला हवं तेवढं आहे, म्हणजे बॅटरी चार्ज होते, पुन्हा भरता येतं, कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, बदलता येते. पण बहुतेक गिऱ्हाइकं पॉड संपला की सवयीनं अख्खं मशीन टाकून देतात आणि पुन्हा पाच-सहा पाउंड मोजतात. तुम्ही त्यात पडू नका. बाटलीतून स्वतः लिक्विड भरायचा साधा पॉड किट घ्या. पंधरा-वीस पाउंडांत चांगला मिळतो.

घेण्याआधी एक हिशेब करा, कारण तो दुकानदार सहसा करून देत नाही. २०१६ च्या नियमांनुसार ब्रिटनमध्ये लिक्विडची ताकद मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम, टाकी २ मिलिलिटरची आणि निकोटिनच्या लिक्विडची बाटली १० मिलिलिटरची, यापुढे जाता येत नाही. तुमच्या ६०० पफवाल्यात २ मिलिलिटर लिक्विड होतं, म्हणजे ४० मिलिग्रॅम निकोटिन. त्यातलं सगळं काही अंगात जात नाही, किती जातं ते झुरक्यावर आणि मशीनवर ठरतं. पण तुमची रोजची मजल कळायला हे माप पुरेसं आहे: दिवसाला २ मिलिलिटर, २० ची ताकद. म्हणजे एक बाटली पाच दिवस. बाटली साधारण तीन-चार पाउंडांना पडते, त्यात अधूनमधून लागणारे पॉड धरले तरी डिस्पोजेबलच्या मानानं खर्च निम्म्याहून खाली येतो. १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलिटरला २.२० पाउंड नवीन कर लागू होणार आहे, त्यावर व्हॅट, म्हणजे बाटलीमागे २.६४ पाउंड वाढले असं समजा. त्याच वेळी सिगारेटवरचा करही वाढणार आहे, त्यामुळे पैशाच्या हिशेबातही सिगारेट स्वस्त पडायची नाही.

आता सर्वात जास्त फसगत जिथे होते ते. मशीन बदलताना लोक लाजेकाजेनं किंवा 'आता कमीच करू' म्हणून ३ किंवा ६ ची ताकद घेतात. मग होतं काय, दोन दिवस माणूस दिवसभर ओढत बसतो, घसा कोरडा पडतो, डोकं भणभणतं, तरी तलफ भागत नाही. तिसऱ्या दिवशी 'हे काही खरं नाही' म्हणत पेट्रोलपंपावरून सिगारेटचं पाकीट येतं. मशीन आणि ताकद एकाच आठवड्यात बदलू नका. आज २० वर असाल तर नव्या मशीनमध्ये २० चंच निकोटिन सॉल्ट भरा. सॉल्ट मुद्दाम सांगते, कारण डिस्पोजेबलमध्ये तेच होतं. ते घशाला खरखरत नाही. त्याच ताकदीचं साधं निकोटिन घेतलंत तर पहिल्याच झुरक्याला ठसका लागेल आणि मशीनच वाईट वाटेल.

पॉड पहिल्यांदा भरल्यावर लगेच ओढू नका. आत कॉइलभोवती कापूस असतो, तो भिजायला निदान पाच-दहा मिनिटं द्या. कोरडा कापूस तापला की जळका, कडवट झुरका येतो आणि तो वास पॉडमधून जात नाही, पॉड फुकट जातो. लिक्विडच्या बाटलीवर ५०:५० लिहिलंय का पाहा, म्हणजे प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरिन निम्मं-निम्मं. घट्ट, ७०-८० टक्के ग्लिसरिनचं लिक्विड छोट्या पॉडच्या कापसात शिरत नाही. आणि वाफेचे मोठे ढग काढणाऱ्या मशीनमध्ये २० चं सॉल्ट कधीही भरू नका. त्यात एका झुरक्याला इतकं लिक्विड उडतं की मळमळ, चक्कर, छातीत धडधड होणारच. ही निकोटिन जास्त झाल्याची खूण. उलट पहाटे तलफेनं जाग येणं, चिडचिड, सारखी भूक, ही कमी पडल्याची. या दोन टोकांमध्ये तुमची जागा कुठे आहे ते शरीर आठवडाभरात सांगतं. आणि चवीवर फार जीव लावू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये पार्लमेंटपुढे मांडलेल्या तंबाखू आणि व्हेपविषयीच्या विधेयकात चवी, पाकिटं, दुकानातली मांडणी यांवर नियम करण्याचे अधिकार सरकारला दिले आहेत. एका ठरावीक आंबा-आइस चवीवरच ज्याचं गाडं अडलेलं असतं, तो अशा वेळी पहिला घसरतो. दोन-तीन चवी चालवून घ्यायची सवय ठेवा, एखादी साधी पुदिन्याची किंवा तंबाखूची धरून.

आता भारत. इथे माझं उत्तर सरळ आहे: व्हेप नेऊ नका. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारनं ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश काढला आणि त्याच डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात, सगळं त्यात येतं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्यासाठी सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला शिक्षा असं कलम त्यात नाही, आणि लोक नेमकं तेवढंच एकमेकांना सांगतात. पण बॅगेतून देशात आणणं ही आयातच आहे आणि 'स्वतःपुरतं' अशी सूट कायद्यात कुठेही दिलेली नाही. लिथियम बॅटरीमुळे व्हेप चेक-इन बॅगेत टाकता येत नाही, हातातल्या बॅगेत ठेवावा लागतो. त्यामुळे बर्मिंगहॅमला तो बिनबोभाट सुटतो आणि मुंबईला कस्टमच्या मशीनखाली दिसतो. कुणाचा नुसता काढून घेतात, कुणाला तासभर बसवून ठेवतात. बहिणीच्या लग्नाला निघालेल्या भावानं हा जुगार का खेळावा?

'तिथे गेल्यावर घेतो, पुण्यात पानाच्या दुकानात मिळतं' हे मी दर सुट्टीच्या आधी ऐकते. मिळतं, हे खरंच आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. प्रश्न मिळण्याचा नाही, आत काय आहे त्याचा आहे. ब्रिटनमध्ये विकलं जाणारं प्रत्येक निकोटिन लिक्विड औषध नियामकाकडे घटकांसह नोंदवावं लागतं. चोरून आलेल्या मालाला असं कुणीच विचारत नाही. पाकिटावर ५० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, आत किती ते देव जाणे. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यातले बहुतेक गांजाचा अर्क असलेले आणि अनौपचारिक मार्गानं घेतलेले व्हेप ओढणारे होते, आणि मुख्य संशय त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर आला. अनोळखी लिक्विड फुप्फुसात घेण्याची भीती मला वाटते ती यामुळे.

एकच वस्तू एका देशात सरकारी योजनेतून फुकट देतात आणि दुसऱ्यात ती आणली तर कैद, याचा राग येणाऱ्यांना मी समजू शकते. इंग्लंडनं २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचे किट देण्याची योजना जाहीर केली. भारताचं चित्र वेगळं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी २१.४ टक्के लोक तोंडात धरायचा तंबाखू वापरत होते आणि धूम्रपान करणारे होते १०.७ टक्के. ज्याच्या गालात मावा आहे त्याला व्हेप देऊन काय बदलणार? तरुण पोरांना नवं व्यसन लागेल ही भीती तिथे जास्त वजनदार ठरली. मला स्वतःला वाटतं की सिगारेट खुली आणि व्हेप बंद हे धूम्रपान करणाऱ्यावर अन्याय करणारं आहे. पण तुमचं विमान या मतावर उतरणार नाही, कायद्यावर उतरणार आहे.

मग तीन आठवडे काय करायचं? निकोटिन दुसऱ्या वाटेनं घ्यायचं. त्याला भारतात बंदी नाही. पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी, आणि त्याच्या जोडीला निकोटिनचा गम किंवा चोखायच्या गोळ्या, असं दोन्ही एकत्र. पॅच दिवसभराची पायाभरणी करतो, गम अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी. तुमच्यासारखं दिवसाला ४० मिलिग्रॅमचं लिक्विड संपवणाऱ्याला मी बहुतेक वेळा २१ मिलिग्रॅमच्या पॅचपासून सुरुवात करून देते, पण इथे व्हेप आणि पॅच यांचं ठरलेलं कोष्टक नाही. सकाळी उठल्यापासून पहिला झुरका किती वेळात घेता, हे मला मिलिग्रॅमपेक्षा जास्त सांगून जातं. अर्ध्या तासाच्या आत असेल तर गम ४ मिलिग्रॅमचा लागेल, नाहीतर २ चा पुरतो. हृदयाचा त्रास, गर्भारपण, मधुमेह किंवा इतर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टर किंवा फार्मासिस्टशी बोला. लेस्टरची धूम्रपानमुक्ती सेवा तर इंग्लंडमध्ये २०१४ साली व्हेपला सर्वात आधी दार उघडणारी. तिथे जाऊन तुम्हाला लपवाछपवी करावी लागणार नाही.

पॅच पहिल्यांदा विमानात लावू नका. निघण्याच्या आठवडाभर आधी, घरी, सुट्टीच्या दिवशी वापरून बघा. खाज येते का, रात्री विचित्र स्वप्नं पडतात का हे कळेल. स्वप्नं फार पडली तर झोपताना काढून ठेवा. रोज जागा बदला. गम मात्र साध्या च्युइंग गमसारखा चघळायचा नाही, इथे निम्मे लोक चुकतात. आठ-दहा वेळा सावकाश चावा, तिखट झिणझिण आली की तंबाखूची चिमूट धरतात तसा गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवा, झिणझिण गेली की पुन्हा चावा. असा अर्धा तास. भराभर चावून रस गिळलात तर उचकी लागेल, छातीत जळजळेल आणि निकोटिन पोटात वाया जाईल. आणि लग्नघरातली मोठी अडचण म्हणजे चहा. चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक यांनी तोंडातला आम्लपणा वाढतो आणि गममधलं निकोटिन नीट शोषलं जात नाही. चहा झाल्यावर पंधरा मिनिटं थांबा, मग गम. दर अर्ध्या तासाला मावशी कपबशी पुढे करत असली तर दोन फेऱ्यांमागे एकीला नाही म्हणावं लागेल, त्याला इलाज नाही.

मालाचं म्हणाल तर पॅच इथूनच पुरेसे न्या, पाकीट आणि पावतीसकट. २ मिलिग्रॅमचा गम भारतात औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ चा लागत असेल तर तोही इथूनच घ्या. गम सहज हाताशी येईल अशा खिशात असू द्या, बॅगेत तळाला नको. कारण तलफ पाच-सात मिनिटांत शिगेला जाऊन ओसरते आणि नेमक्या त्याच पाच मिनिटांत कॉलेजचा मित्र म्हणतो, चल टपरीवर जाऊन येऊ. राज्यानं २०२० मध्ये सुट्या सिगारेटच्या विक्रीला बंदी घातली, पण टपरीवर एकच सिगारेट मागणाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवतात असं मला दिसलेलं नाही. दोन वर्षांनी ओढलेली ती एक सिगारेट चवीला वाईटच लागते, आणि दुसरी तितकी वाईट लागत नाही. टपरीवर जायला हरकत नाही, फक्त निघताना गम गालात असू द्या. आणि घरातल्या एकाला तरी विश्वासात घ्या. बहीण नको, ती गडबडीत असेल, एखादा चुलतभाऊ चालेल. तिथे असताना बोलावंसं वाटलं तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन फुकट आहे. तिचं एक केंद्र मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे. सिगारेटच्या पाकिटावरही हाच नंबर छापलेला असतो.

परत आल्यावर काय? तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. २०१९ मध्ये ब्रिटनमध्येच झालेल्या एका मोठ्या चाचणीत वर्षअखेर सिगारेट सुटलेल्यांचं प्रमाण व्हेप गटात १८ टक्के होतं आणि पॅच-गम वगैरेंच्या गटात ९.९ टक्के. व्हेपच्या बाजूनं हा आकडा सगळे सांगतात. त्याच चाचणीतला दुसरा आकडा क्वचितच कुणी सांगतं. व्हेपनं सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते, पॅच-गमवाल्यांत ते प्रमाण ९ टक्के. कारण साधं आहे. सिगारेट पाच मिनिटांत विझते, तिला शेवट असतो. व्हेपला नाही. तो उशाशी असतो, टेबलावर असतो, एकेक झुरका मोजला जात नाही.

म्हणून कोल्हापूरहून आलात आणि पॅचवर ठीक वाटत असेल, तर व्हेपकडे परत न जाता पॅचच पुढे पायरी-पायरीनं उतरवता येतो. ही संधी मी तुमच्या जागी असते तर घेतली असती. पण मन धजत नसेल, सिगारेटची ओढ वाटत असेल, तर बिनधास्त पॉड किटवर या, त्यात कमीपणा नाही. मग आधी जागा कमी करा, ताकद नंतर. पहिल्यांदा अंथरुणातला व्हेप बंद, मशीन रात्री स्वयंपाकघरात ठेवायचं. मग कामाच्या टेबलावरचा. मग सकाळचा पहिला झुरका चहानंतर, पुढे आंघोळीनंतर. हे बसलं की २० वरून १० वर या, आणि दिवसाला २ मिलिलिटरचे ३ होत नाहीत ना, यावर बाटली पाहून लक्ष ठेवा. होत असतील तर उतरण्याची घाई झाली, महिनाभर थांबा. याला तीन महिने लागोत की वर्ष, मला दोन्ही चालतं.

रिकामे डिस्पोजेबल कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. व्हेप विकणाऱ्या दुकानानं वापरलेले परत घ्यायला हवेत, तशी तरतूद आहे. सगळे एका पिशवीत भरून किट घ्यायला जाल तेव्हाच देऊन टाका.

आणि मला दोन गोष्टी कळवा: सकाळचा पहिला झुरका किती वाजता, आणि रात्री त्यासाठी जाग येते का. त्यावरून पॅच आणि गमची मात्रा नक्की सांगता येईल.